ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : सवलत बिलात आहे, वापरात नाही

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

सादर नमस्कार.

अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना वीजबिलात सवलत मिळते तेव्हा त्यांना दिलासा मिळतोच. परंतु त्या सवलतीने घरातील विजेचा वापर एका युनिटानेही कमी होत नाही, आणि मुदत संपली की बिल पुन्हा मूळ पदावर येते. त्या निधीतील काही वाटा वापर कमी करण्याकडे वळवावा, एवढ्यासाठी हे पत्र.

गरिबाच्या घरात उपकरणे मोजकीच असतात, पण बहुधा जुनी आणि वीज खाणारी. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटे लागतात. जवळपास तेवढीच हवा देणारा ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा ११ युनिटांत भागवतो. हे लोकांना कळत नाही असे नाही, परंतु हातावर पोट असलेल्या माणसाला नव्या पंख्याचे पैसे एकरकमी काढता येत नाहीत. म्हणून वितरण कंपनीनेच पंखा बसवून द्यावा आणि त्याची किंमत बिलातून हप्त्याने वसूल करावी. मात्र हप्ता दरमहा वाचणाऱ्या रकमेपेक्षा कमीच राहील, ही अट नियमातच असावी, अन्यथा ते आणखी एक कर्ज ठरेल. जुना पंखा किंवा फ्रिज परत घेऊन थेट भंगारात काढणेही तितकेच आवश्यक आहे, कारण तो जुन्या बाजारात गेला तर दुसऱ्या गरिबाच्याच घरी पोहोचतो.

पत्र्याच्या खोलीत पंखा रात्रीही गरम हवाच फिरवतो. छपराला ऊन परतवणारा पांढरा लेप दिल्यास पत्रा कमी तापतो, पण तो द्यायचा कोणी? बिल भाडेकरू भरतो म्हणून घरमालक खर्च करत नाही, आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू करत नाही. त्यातच एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असली, तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जाऊन काटकसरीने राहणाऱ्यालाही चढा दर पडतो. अशा बिऱ्हाडांना भाडेकराराच्या आधारे स्वतंत्र मीटर देण्याचे स्पष्ट आदेश निघावेत.

शेवटी स्थिर आकाराविषयी, म्हणजे वापर कितीही असला तरी बिलात दरमहा लागणाऱ्या ठरावीक रकमेविषयी. तो वाढत गेला, तर युनिटे वाचवूनही बिल फारसे हलत नाही; तेव्हा कमी वापराच्या ग्राहकांसाठी तो नाममात्र ठेवावा, अशी भूमिका शासनाने दरनिश्चितीच्या सुनावणीत लेखी मांडावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वीजग्राहक