फोटो ॲबेचा, कौतुक कॅथीड्रलचं

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रणावरचा लेख वाचला. या संगीताला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार. पण सोबत फोटो कुणाचा? वेस्टमिन्स्टर ॲबेचा! राज्याभिषेक होतात ते ॲबे, अँग्लिकनांचं, म्हणजे रोमपासून फुटलेल्या इंग्लंडच्या चर्चचं. कॅथीड्रल कॅथलिकांचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, एकाच उंच मनोऱ्याचं. उद्या माउंट मेरीच्या जत्रेच्या बातमीला फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलचा फोटो लावाल.

‘शतकानुशतकं अखंड चालत आलेली परंपरा’ हे लेखकमहाशयांनी कुठून आणलं, देव जाणे. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि तिच्यासाठी रचलेलं संगीतही मिस्साच. सोळाव्या शतकातल्या विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराने मिस्सा रचल्या तेव्हा इंग्लंडात मिस्सा करणं हाच गुन्हा होता. 1590 च्या दशकात त्या छापल्या गेल्या, त्याही शीर्षकपृष्ठाशिवाय. गायच्या त्या कुणाच्या तरी घरात, दारं लावून. पुढे कित्येक पिढ्या हे सगळं बासनातच. 1901 मध्ये रिचर्ड टेरी या कॅथीड्रलचे संगीतप्रमुख झाले आणि त्यांनी बर्ड आणि त्याच शतकातला टॅलिस यांच्या रचना गायकांकडून पुन्हा गाऊन घेतल्या, त्याही मैफलीत नव्हे, उपासनेत. याला अखंड म्हणतात?

आणि ‘देवदूतांचे मुलायम स्वर’! मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा तिथे संध्याकाळच्या मिस्सेला बसलो. गायक दिसतच नाहीत, ते वेदीच्या मागे, उंचावर. वर घुमटाच्या काळ्या उघड्या विटा. पोरांनी ‘क्यिरिए’ला, म्हणजे मिस्सेतल्या ‘प्रभू, दया कर’ या प्रार्थनेला, सुरुवात केली आणि मी दचकलोच. मुलायम कसलं, चांगला खणखणीत, धार असलेला आवाज! वसईत आमचे कॉयरमास्तर पेटीवर टिचकी मारून ओरडायचे, “लाडात येऊ नको, शब्द टाक!” ते आठवले. कॅथीड्रलचा हा आवाज तिथले तेव्हाचे संगीतप्रमुख जॉर्ज माल्कम यांनी 1947 ते 1959 या काळात मुद्दाम घडवला. नेहमीचा हवेशीर गोडवा त्यांना नकोच होता. याच गायकवृंदातल्या मुलांसाठी संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी 1959 मध्ये ‘मिस्सा ब्रेव्हिस’, म्हणजे छोटी मिस्सा, लिहिली. लेखात माल्कम यांचं नावही नाही. ध्वनिमुद्रण ऐकून लिहिलंय की वेष्टन वाचून?

जाता जाता आणखी एक. वसईत नाताळच्या रात्री मिस्सेत मराठी गीतं गातात, चांगली चार आवाजांत. आपल्या अंकात मात्र दरवर्षी फोटो केकचा आणि लाल टोपीतल्या बाळाचा. मागे कळवलं होतं, उत्तर आलं नाही. यंदा फोटोग्राफर पाठवणार असाल तर लवकर पाठवा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, वसई