छेदात कोण आहे?

प्रिय सुमे,

आईचा गुडघा ठीक, माझा थायरॉइड गोळीवर. झाली तब्येत. हे सगळं तुलाच लिहितेय, कारण घरात मी टक्केवारी ऐकून ‘छेदात काय?’ विचारलं की मधू चहा टाकायला उठतो.

परवा आयव्हीएफच्या क्लिनिकमध्ये फ्रोझन ट्रान्सफरचा, म्हणजे गोठवलेला भ्रूण वितळवून गर्भाशयात सोडण्याचा, सक्सेस रेट सांगितला. आकडा ऐकून मधूचा चेहरा उजळला. मी विचारलं, यश म्हणजे काय धरलंय? सोनोग्राफीतले ठोके की घरी आलेलं बाळ? तिथल्या बाई म्हणाल्या, ‘बीटा पॉझिटिव्ह.’ म्हणजे रक्ताच्या चाचणीत गर्भधारणा दिसली, एवढंच. सुमे, बीटा पॉझिटिव्ह आल्यावरही काय होऊ शकतं, हे त्या रात्री माझ्याजवळ बसलेल्या तुला सांगायला नको.

आणि भागलं कशानं? झालेल्या ट्रान्सफरनी! म्हणजे जिचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचलेच नाहीत, जिचा वितळवताना गेला, ती हिशोबातच नाही. पोटावर इंजेक्शनं तिनंही टोचून घेतली ना? मला संताप येतो.

तंत्रावर माझा विश्वास आहे. विट्रिफिकेशनमध्ये बर्फाचे स्फटिक व्हायच्या आत सगळं काचेसारखं गोठतं, मग उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. चांगल्या लॅबमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त भ्रूण वितळल्यावर टिकतात. पण टिकणं म्हणजे रुजणं नव्हे. फायलीत फोटो आहे: करडा गोल, आत एका कडेला पेशींचा पुंजका, खाली पेनानं त्याचा दर्जा, ‘४एबी’. मी तो सारखा काढून बघते.

२०१६ चा चीनमधला अभ्यास वाच, माझ्यासारख्या पीसीओएसवाल्या, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचा त्रास असलेल्या, १५०८ बायकांचा. पहिल्या ट्रान्सफरनंतर जिवंत बाळं: गोठवलेल्यांत ४९.३ टक्के, ताज्यांत ४२. छेदात गटातली प्रत्येक बाई. असं मोजावं! मात्र गोठवलेल्या गटात गरोदरपणी बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया जास्त होता, तेही बघ.

सिंहगडावर तू भांडली होतीस, की टक्केवारी म्हणजे लबाडी. अजूनही मला पटत नाही. नीट मोजलेली टक्केवारी मला हवीच आहे. माझे भ्रूण चौतिसाव्या वर्षी गोठवलेले, तर त्याच वयाच्या बायकांत, सुरू केलेल्या उपचाराच्या प्रत्येक सायकलमागे किती बाळं घरी गेली, हे लेखी मागणार आहे. अजून काय विचारू?

तुझी बदली रद्द झाली का? ईशाला दहावीसाठी शुभेच्छा, काकूंना नमस्कार. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ आहे, त्याआधी फोन कर.

तुझी,
वैशू