लाल पेटीतला माल

पुणे, 29 डिसेंबर 2025

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल रविवारी तू जेवायला आलीस आणि अर्ध्या ताटावरून उठलीस. त्यानंतर गॅलरीत उभी राहून तू जे सांगितलेस, ते रात्रभर माझ्या मनात घोळत होते. समोर बसून इतके सलग बोलणे मला जमत नाही, म्हणून वाकड आणि कर्वेनगर एवढेच अंतर असूनही हे पत्र लिहीत आहे.

तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. ऑगस्टमध्ये नवी प्रणाली सुरू करताना जुना डेटा नीट उतरला नाही आणि ग्राहकांचे काम तीन तास बंद पडले, ही पहिली. तुझे सादरीकरण मॅनेजरने स्वतःच्या नावावर खपवले आणि अप्रेझलमध्ये मात्र ऑगस्टचा सगळा ठपका तुझ्यावर ठेवला, ही दुसरी. या दोन्ही तुझ्या मनात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. वर्ष संपण्याआधी तू त्या वेगळ्या कराव्यास, एवढ्यासाठीच हे लिहिणे.

भोसरीच्या कारखान्यात मी ग्राइंडिंगवर होतो, तेव्हा नापास झालेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, लाल पेटीत जात असे. तिथे त्याचे दोन भाग होत: रिवर्क आणि स्क्रॅप. पिन मापापेक्षा जाड राहिली असेल तर तिच्यात धातू शिल्लक असतो, ती पुन्हा घासता येते; ते रिवर्क. बारीक झाली असेल तर गेलेला धातू परत येत नाही; तो स्क्रॅप. स्क्रॅप आम्ही मशीनजवळ कधीही ठेवत नसू, कारण तो चांगल्या मालात मिसळला की गिऱ्हाइकाकडे जातो. पेटीला लाल रंग त्यासाठीच दिलेला असतो.

मार्च 2002 मध्ये माझ्या हातून 300 पिनांचा लॉट गेला. माप 20 मिलिमीटर, सूट फक्त 13 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि सगळ्या पिना त्याच्याही खाली उतरलेल्या. आदल्या पाळीत जाडी मोजायचा मायक्रोमीटर कोणाच्या तरी हातून पडला होता आणि त्याच्या शून्यातच 20 मायक्रॉनचा फरक आला होता. वर्षअखेरीचा माल त्याच दिवशी रवाना करायचा म्हणून सुपरवायझर सारखा मागे लागला होता. लॉट परत आल्यावर त्यानेच सगळ्यांसमोर स्लिपवर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहिले आणि माझी वेतनवाढ अडली. तू तेव्हा चौथीत होतीस. संध्याकाळी गणिताची वही घेऊन दारात उभी राहायचीस आणि मी तुझ्याकडे न बघता आत जायचो, कारण त्या माणसाशी माझे भांडण मनातल्या मनात चालूच असायचे. असे जवळजवळ वर्षभर चालले. तो सुपरवायझर तिकडे सुखाने जेवत होता आणि त्याची शिक्षा तू भोगत होतीस, याचे मला आजही फार वाईट वाटते.

मग एका जुन्या फिटरने मला विचारले, “पाळी सुरू करताना तुम्ही झिरो बघितला होता का?” मी बघितला नव्हता. सुपरवायझरने घाई केली हे खरे होते, त्याने चारचौघांत अपमान केला हे खरे होते, आणि मी झिरो बघितला नाही हेही तितकेच खरे होते. पण पहिल्या दोन गोष्टींचा जप चालू असेपर्यंत तिसरी मला दिसलीच नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी पाळीची सुरुवात मायक्रोमीटरची तोंडे पुसून आणि शून्य तपासून केली.

तुझ्या ऑगस्टच्या घटनेत धातू शिल्लक आहे. ‘माझे लक्ष नव्हते’ असे लिहून ती मिटवू नकोस, कारण त्या उत्तरातून पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही. जुन्या डेटावर चाचणी का झाली नाही? वेळ नव्हता. वेळ नाही हे बैठकीत कोणी का सांगितले नाही? “मी गप्प बसले,” असे तूच काल म्हणालीस. माझ्या मते ती खरी जागा आहे, आणि ती तुझ्या हातातली आहे.

मॅनेजरने केले ते मात्र अन्यायाचे आहे, आणि अन्याय मुकाट्याने गिळ असे मी तुला सांगणार नाही. अप्रेझलवर हरकत घ्यायची असेल तर ती लेखी घे, तारखा आणि मेल जोडून घे. मात्र ते पत्र गेल्यानंतर त्या माणसाला रोज घरी आणू नकोस.

शाळेत जाताना कर्वे पुतळ्यापाशी मी तुला अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगायचो, ती आठवते का? परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत, भर पावसात, शंभर मैलांहून अधिक चालत गेलेल्या त्या मुलाला वय कमी दिसते म्हणून परत पाठवले. तेव्हा मी तुला त्यांच्या चिकाटीबद्दल सांगत असे. आता मला वाटते की त्या नकारात त्यांनी शिकावे असे काहीच नव्हते, चूक त्यांची नव्हतीच. ते परत फिरले आणि पुढे पुन्हा परीक्षेला बसले. प्रत्येक अपयशातून धडा निघालाच पाहिजे, हा हट्टही माणसाला फार थकवतो. तू तो धरू नकोस.

बुधवारी रात्री ये. आई वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी करणार आहे. कोरी वही आण. ऑगस्टचे जे लिहायचे ते आपण दोघे बसून लिहू, आणि या वेळी मी तुझ्या वहीत बघेन.

तुझे,
बाबा