परदेशी जाणाऱ्या शिक्षकांना खर्च आधी सांगा

संपादक महोदय,

मी कोथरूडची. चार वर्षांपूर्वी इंग्रजी शिकवायला जपानला, ओकायामाला गेले. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानामुळे गावाचं नाव तेवढं ओळखीचं होतं. पाठवणाऱ्या एजंटाने 'घराची सोय होईल' एवढंच सांगितलं. तिथे डिपॉझिटबरोबरच घरमालकाला 'रेइकिन', म्हणजे आभाराचे पैसे, द्यावे लागले; ते परत मिळत नाहीत. वर जामीनदार हवा. तो कुठून आणणार? पहिला पगार महिन्याने होता. आईने बांगड्या मोडून पैसे पाठवले, ते आजही सलतं. नवा पत्ता १४ दिवसांत नगरपालिकेत नोंदवायचा असतो, हेही शेजारच्या आजींकडून कळलं. त्याच मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या.

शिकवणं मात्र मला मनापासून आवडतं. जपानीत 'व्ह'चा उच्चार नाही, त्यामुळे मुलं 'व्हेरी'ला 'बेरी' म्हणतात. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवले की अख्खा वर्ग छोट्या आरशांत बघत तसंच करू लागतो.

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांतले काही उद्या याच वाटेने जातील. घरभाडं, रेइकिन आणि पहिल्या पगाराची तारीख एजंटांनी सही घेण्याआधी मराठीत लेखी द्यावी.

— एक शिक्षिका, कोथरूड, पुणे