कडकन आवाज आणि पाठीचा उपचार

महोदय,

मान वळवताच कडकन आवाज येणाऱ्या कायरोप्रॅक्टिकच्या चित्रफिती पाहून आमच्या सिडको परिसरातील अनेक जण या उपचाराची चौकशी करू लागले आहेत. डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे सुरू केलेल्या या पद्धतीत मणक्याच्या सांध्याला हाताने नेमका, झटपट दाब दिला जातो; त्या वेळचा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो आणि तो आला नाही म्हणून उपचार फसला असे होत नाही. (हाडवैद्याकडेही आवाज ऐकल्याशिवाय आपले समाधान होत नसे, ही गोष्ट वेगळी.)

गेल्या महिन्यात कंबर धरल्याने मीही गेलो. पायाला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे का, अशा प्रश्नांतच निम्मा वेळ गेला. गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली आणि मगच मला कुशीवर झोपवले. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले, ते अपेक्षितच असते. कंबरदुखीत काहींना माफक आराम पडतो. दमा, मधुमेह बरा होण्याचे दावे मात्र निराधार आहेत.

शेजारच्या आजींची हाडे ठिसूळ असूनही अन्यत्र काहीही न विचारता त्यांना झटका देण्याची तयारी झाली होती. मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी असल्याने, तपासणीविना मानेला हात घालणाऱ्यास रुग्णाने स्पष्ट नकार द्यावा.

– एक वाचक, सिडको, नाशिक