सूचना : पुराच्या मेसेजबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार.

परवा रात्री साडेअकराला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘राधानगरी फुटलं, तासाभरात पाणी येतंय’ असा मेसेज आला. तळमजल्यावरच्या दोन घरांनी पावसातच सामान वर चढवलं, एका आजींना उचलून न्यावं लागलं. सोबतचा व्हिडिओ 2019 च्या पुरातला निघाला.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. दार उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे, हे लहानपणापासून ऐकत आलेली माणसंही परवा घाबरली. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात : 39 फूट इशारा, 43 फूट धोका. मेसेजमध्ये फूट, तारीख आणि वेळ नसेल तर तो इथे टाकू नका. मेसेजवर फॉरवर्डचा दुहेरी बाण दिसला, म्हणजे तो मेसेज खूप हातांतून फिरून आलाय. पाठवणाऱ्याला ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ एवढं विचारा. (रागावतील, रागावू देत.)

जिल्हा प्रशासनाची माहिती सचिव रोज सकाळी टाकतील. वर्गणीअभावी वाचनकट्ट्यावरची दोन दैनिकं बंद केली होती, ती 1 तारखेपासून पुन्हा सुरू. बंधाऱ्यावर जाऊन बातमी आणणाऱ्या वार्ताहराचा पगार त्यातूनच निघतो, फॉरवर्डमधून नाही.

जातधर्मावरून भडकवणारे मेसेज टाकणाऱ्याला विचारणा न करता काढलं जाईल. जून 2023 मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ते इथे कुणी विसरलेलं नाही.

– कार्यकारिणी