दोन कसोटींचा दौरा नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारतीय संघाच्या परदेश दौऱ्याचा कार्यक्रम छापून आला की मी आधी कसोटी किती ते मोजतो, मग पहिल्या कसोटीआधी सराव सामना आहे का ते शोधतो. हल्ली बहुतेक वेळा मन खट्टू होते.

डिसेंबर २०२३ मधला दक्षिण आफ्रिका दौरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तीन ट्वेंटी-२०, तीन एकदिवसीय, दोन कसोटी आणि तिन्हींना वेगवेगळे कर्णधार. त्यांतले सूर्यकुमार आणि रोहित आपल्या मुंबईचे, याचा मला मोठा अभिमान. सूर्यकुमारने जोहान्सबर्गला शतक ठोकले, राहुलच्या संघाने एकदिवसीय मालिका २-१ अशी जिंकली. कसोटीत मात्र रोहित, विराट आणि बुमरा उतरले ते १९ नोव्हेंबरच्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर एकही सामना न खेळता. तिथल्या एखाद्या संघाशी सराव सामना नाही, काय तो आपसातच सराव. २६ डिसेंबरला सेंच्युरियनच्या उसळत्या विकेटवर थेट त्यांचा वेगवान गोलंदाज रबाडासमोर! तीन दिवसांत डाव आणि ३२ धावांनी हरलो.

पुढे केपटाऊनला सिराजने १५ धावांत ६ बळी घेऊन यजमानांना ५५ वर गुंडाळले. मग आपलेही शेवटचे सहा गडी १५३ याच धावसंख्येवर गेले आणि तरी दुसऱ्याच दिवशी आपण जिंकलो. सगळा सामना ६४२ चेंडूंचा. निकाल लागलेली इतकी छोटी कसोटी त्याआधी झाली नव्हती. मालिका १-१. दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका आपण अजून एकदाही जिंकलेली नाही. तिसरी कसोटी असती तर ती संधी समोर होती. १९९२ च्या आपल्या तिथल्या पहिल्या दौऱ्यात चार कसोटी होत्या; डर्बनला आपल्या प्रवीण आमरेने पदार्पणातच शतक केले होते.

मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. माझी काही मुले पावसाळ्यात कांगा लीग खेळायची. ओली विकेट, मैदानावर वाढलेले गवत, एक चेंडू उसळतो तर पुढचा घोट्याशी राहतो. नेट्समध्ये मस्त ड्राइव्ह मारणारी मुले तिथे पहिले दोन-तीन रविवार पटापट बाद व्हायची, तोंड पाडून तंबूत बसायची. मग हळूहळू चेंडू सोडायला शिकायची, उशिरा खेळायला शिकायची. हे मी त्यांना फळ्यावर कितीही समजावले असते तरी आले नसते. त्यासाठी सामना लागतो, समोर अनोळखी गोलंदाज लागतो आणि बाद झालो तर दिवस संपला ही भीती लागते. १९४८ पासून मुंबईने भर पावसात ही स्पर्धा चालवली ती उगाच नाही. मग सेंच्युरियनच्या विकेटची सवय नेट्समध्ये चार दिवसांत होईल, असे आपण कसे धरून चालतो?

२०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. ॲडलेडला ३६ धावांत आटोपलो तेव्हा घरोघर सुतक पडल्यासारखे झाले होते. पण त्या दौऱ्यात चार कसोटी होत्या. आणि त्याआधी ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाशी सराव सामने झाले होते. त्यांतल्या पहिल्यात अजिंक्य रहाणेने नाबाद शतक केले होते. त्याच अजिंक्यने मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या. पुढे सिडनीची कसोटी वाचवली आणि १९ जानेवारीला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरची शेवटची कसोटी जिंकली. पालघरचा शार्दूल, आणि नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबवून घेतलेले वॉशिंग्टन सुंदर आणि नटराजन, हे त्या शेवटच्या कसोटीत खेळले. दोनच कसोटी असत्या तर मेलबर्नहून १-१ घेऊन परत आलो असतो आणि गॅबा कुणी पाहिलेच नसते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातही पाचही कसोटी पाचव्या दिवसापर्यंत गेल्या. ओव्हलला शेवटच्या सकाळी आपण सहा धावांनी जिंकलो आणि मालिका २-२ झाली. आमच्या चाळीत त्या दिवशी तीन पिढ्या एका टीव्हीसमोर होत्या.

ट्वेंटी-२० ला माझा विरोध नाही. नातवंडे तेच बघून बॅट हातात धरतात, आणि पाहुण्या भारतीय संघाच्या या सामन्यांवर यजमान मंडळांची मोठी कमाई होते. पण जगातले सर्वांत श्रीमंत मंडळ आपले आहे, त्याचे मुख्यालय इथे वानखेडेवर आहे. दौऱ्याची बोलणी करताना त्याने एवढे ठामपणे मागावे : किमान तीन कसोटी, आणि पहिल्या कसोटीआधी यजमानांच्या चांगल्या गोलंदाजांविरुद्ध एक चार दिवसांचा सामना. त्यासाठी दोन ट्वेंटी-२० सामने कमी करावे लागले तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
दादर, मुंबई